सर्व्हर नेटवर्कवरून बूट होत नाही? आधी टप्पा ओळखा, मग हात लावा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे सर्व्हर सांभाळणाऱ्याला बहुतेक ठिकाणी सगळं एकट्यालाच पाहावं लागतं. स्विचही त्याचाच, आयपी पत्ते वाटणारं डीएचसीपीही त्याचंच, आणि लाइट गेली की यूपीएसकडेही त्यालाच धावायचं. कॉलेजची लॅब असो, पतसंस्थेचं मुख्य कार्यालय असो की एमआयडीसीतला कारखाना, नेटवर्क बूट, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून सर्व्हर सुरू होणं, अडलं की विचारायला शेजारी कुणी नसतं आणि सुटा भाग नाशिक-पुण्याहून यायला वेळ लागतो. पहिल्यांदाच रॅकसमोर उभं राहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. बायोसमधल्या (सर्व्हर चालू होताच चालणाऱ्या मूळ प्रोग्राममधल्या) दहा सेटिंग एकदम बदलून पाहायची सवय लागायच्या आत हे वाचा. नेटवर्क बूट ठरावीक टप्प्यांनी पुढे जातं. ते कुठल्या टप्प्यावर थांबलं हे कळलं की निम्मं काम झालं, आणि ते कळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नका.

१. निघण्याआधी काय जवळ हवं

शिरपूरला किंवा शहाद्याला पोचल्यावर एक पासवर्ड नाही म्हणून परत फिरणं फार महाग पडतं. म्हणून हे आधी गोळा करा:

- सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टचा (सर्व्हर दुरून सांभाळायच्या वेगळ्या पोर्टचा) पत्ता आणि पासवर्ड. डेलमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईमध्ये आयएलओ, बाकीच्यांत बीएमसी किंवा आयपीएमआय.
- स्विचचा ॲडमिन पासवर्ड आणि कन्सोल केबल. स्विचमध्ये शिरता येत नसेल तर पुढची निम्मी तपासणी होणारच नाही.
- कुठला सर्व्हर कुठल्या स्विचच्या कुठल्या पोर्टवर आणि कुठल्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) आहे, याचा कागद. नसेल तर पहिल्या भेटीत तो तयार करा.
- लॅनचं पोर्ट असलेला लॅपटॉप. त्यात नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारं वायरशार्क किंवा टीसीपीडंप, छोटा डीएचसीपी-टीएफटीपी सर्व्हर म्हणून चालणारं डीएनएसमास्क, आणि एक टीएफटीपी (साध्या पद्धतीने फाईल आणणारा) क्लायंट.
- चालते याची खात्री असलेल्या दोन पॅचकॉर्ड, आणि दहा गिगाबिटचं काम असेल तर पोर्टात बसणारं एक जादा मॉड्यूल किंवा डॅक (दोन्ही टोकांना मॉड्यूल असलेली तांब्याची) केबल.
- सीआर२०३२ बॅटरी. वापरलेले सर्व्हर आपल्याकडे बरेच येतात आणि त्यांची बॅटरी बहुतेकदा संपत आलेली असते. ती संपली की बायोस मूळ सेटिंगवर जातं, तारीख मागे पडते आणि काल चालणारं बूट आज चालत नाही.

२. साखळी डोक्यात पक्की करा

पीएक्सई या नेटवर्क बूटच्या पद्धतीचा २.१ हा तपशील इंटेलने १९९९ मध्ये प्रसिद्ध केला आणि आजही बहुतेक सर्व्हर त्याच वाटेने जातात. सर्व्हर चालू होतो, नेटवर्क कार्डची लिंक लागते. कार्ड ‘कुणी आयपी देतं का’ अशी हाक साऱ्या नेटवर्कला मारतं. डीएचसीपी आयपी देतं आणि सोबत दोन गोष्टी सांगतं: बूट फाईल कुठल्या सर्व्हरवर आहे आणि तिचं नाव काय. कार्ड ती छोटी फाईल टीएफटीपीने आणतं आणि चालवतं. ती फाईल म्हणजे बूटलोडर. तो पुढे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आणि इनिट्रडी (कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या फाईलींचा गठ्ठा) आणतो, कर्नल सुरू होतो, आणि मग तो स्वतःचा ड्रायव्हर चढवून नेटवर्क पुन्हा पहिल्यापासून उभं करतो.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. एका बूटमध्ये आयपी एकदाच मागितला जात नाही. फर्मवेअर (यंत्रातच भरलेला प्रोग्राम) मागतं, आयपीएक्सई (जास्त सोयींचा बूटलोडर) वापरत असाल तर ते मागतं, आणि कर्नलही मागतो. पहिल्यांदा मिळाला म्हणून तिसऱ्यांदा मिळेलच असं नाही.

३. स्क्रीनवरचा संदेश अक्षरशः उतरवून घ्या

फोनवर ‘भाऊ, इंग्रजीमा कायतरी लिखेल शे’ एवढंच कळून काही होत नाही. समोरच्याला मोबाईलने फोटो काढायला सांगा. संदेश दोन सेकंदांत निघून जात असेल तर व्हिडिओ काढायला सांगा आणि तो थांबवून वाचा. मॅनेजमेंट पोर्टच्या कन्सोलवरून पाहता आलं तर सर्वांत उत्तम, जाण्याचीही गरज पडत नाही.

जुन्या पद्धतीच्या बायोसमध्ये हे कोड दिसतात. पीएक्सई-ई६१ म्हणजे लिंकच नाही. ई५१ म्हणजे डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही. ई५३ म्हणजे उत्तर आलं, पण त्यात बूट फाईलचं नाव नव्हतं. ई३२ म्हणजे नाव मिळालं, पण टीएफटीपी सर्व्हर बोलत नाही. टी०१ किंवा ई३बी म्हणजे टीएफटीपी बोललं, पण ती फाईल तिथे नाही. सगळ्यांच्या शेवटी एम०एफ येतो. त्याचा अर्थ फक्त ‘पीएक्सईतून बाहेर पडलो’ एवढाच. नवखी मंडळी नेमका तोच शोधत बसतात. त्याच्या वरची ओळ महत्त्वाची.

यूईएफआयमध्ये, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीत, कोड वेगळे आहेत. ई१६ म्हणजे आयपी देणारं कुणी भेटलं नाही, ई१८ म्हणजे सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही, ई२३ म्हणजे टीएफटीपीने चूक कळवली. कोड कळला की खालच्या योग्य टप्प्यावर थेट या.

४. लिंक नाही

इथे फार वेळ घालवू नका. केबल बदला, स्विचचं पोर्ट बदला, दोन्हीकडचे लाइट पाहा. जिनिंगमध्ये किंवा डाळ मिलमध्ये स्विच असेल तर रिकाम्या मॉड्यूल पोर्टात कापसाची रुई आणि भुसा जातो, तिथे टोपण लावलेलं असावं. २५ गिगाबिटच्या कार्डात दोन्ही टोकांचा एफईसी (चुका सुधारण्याच्या पद्धतीचा) प्रकार सारखा नसेल तर लिंक लागत नाही किंवा धड टिकत नाही. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये लिंक लागते म्हणजे बूटच्या वेळीही लागेल असं समजू नका, कारण त्या वेळी कार्ड स्वतःच्या फर्मवेअरमधल्या सेटिंगवर चालतं.

एक सापळा मात्र इथलाच आहे. सर्व्हरला मॅनेजमेंटचं पोर्ट वेगळं असतं आणि ते दिसायला इतर लॅन पोर्टसारखंच असतं. केबल त्यात असेल तर लाइट लागतो, पिंगही होतं, पण बूट कधीच होणार नाही. तसंच सर्व्हरच्या पुढच्या पट्टीवर छापलेला मॅक ॲड्रेस (पोर्टचा कायमचा ओळख क्रमांक) अनेकदा मॅनेजमेंट पोर्टचा असतो. तो डीएचसीपीत नोंदवून लोक दिवसभर वाट पाहतात. बूटच्या कार्डाचा मॅक ॲड्रेस बायोसमधून किंवा बूटच्या स्क्रीनवरून घ्या.

कार्ड ठीक असूनही पीएक्सईची ओळच येत नसेल तर बायोसमध्ये तीन ठिकाणं पाहा: यूईएफआय नेटवर्क स्टॅक चालू आहे का, त्या विशिष्ट पोर्टला नेटवर्क बूटची परवानगी आहे का, आणि कार्डाचा ऑप्शन रॉम (त्यातला बूटचा प्रोग्राम) बंद तर नाही. जिथे आयपीव्ही६ वापरात नाही तिथे त्याचं पीएक्सई बंद करा. नाहीतर प्रत्येक पोर्टवर तेही संपेपर्यंत थांबावं लागू शकतं.

५. लिंक आहे, पण आयपी मिळत नाही

सर्वाधिक वेळ खाणारा टप्पा हाच. कारण दोष सर्व्हरमध्ये नसून स्विचमध्ये असतो आणि सर्व्हरच्या स्क्रीनवर तो कधीच दिसत नाही.

पहिलं काम अंदाज बांधण्याचं नाही, पाहण्याचं आहे. डीएचसीपी सर्व्हरवर टीसीपीडंप लावा आणि मग बूट करा. ६७ आणि ६८ या पोर्टांवर हाक पोचते का ते पाहा. पोचतच नसेल तर दोष वाटेत आहे. डीएचसीपीच्या सेटिंगला हात लावू नका. पोचते पण उत्तर जात नसेल तर डीएचसीपीचा लॉग वाचा: रेंज संपली आहे का, या मॅक ॲड्रेसला बंदी आहे का. उत्तर जातं पण क्लायंटला मिळत नसेल तर पुन्हा वाटच तपासायची. या एका पाहणीने तीनातली दोन दिशा बाद होतात. वाटेत राउटर असेल तर पॅकेटवर बाहेरून दिसणारा मॅक ॲड्रेस राउटरचा असतो. क्लायंटचा मॅक डीएचसीपीच्या आतल्या मजकुरात शोधावा लागतो.

हाक पोचत नसेल तर पहिला संशयित स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारी स्विचची सोय. स्विचच्या पोर्टला लिंक लागली की जुना स्पॅनिंग ट्री १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, आणि ३० सेकंदांनंतर पोर्ट उघडतो. तोपर्यंत सर्व्हरच्या हाका वाऱ्यावर जातात. पीएक्सईच्या तपशिलानुसार कार्डाने ४, ८, १६ आणि ३२ सेकंद अशा चार खेपा वाट पाहायची असते, म्हणजे एकूण मिनिटभर. पण काही कार्डं लवकर हार मानतात. शिवाय आयपीएक्सई किंवा लिनक्सचा ड्रायव्हर चढताना लिंक खाली जाऊन परत वर येते आणि स्विचची तीस सेकंदं नव्याने सुरू होतात. ‘आमच्याकडे रॅपिड स्पॅनिंग ट्री आहे, तो लगेच उघडतो’ असं कुणी सांगेल. सर्व्हरला स्पॅनिंग ट्रीची भाषा येत नसल्याने, एज (टोकाचं यंत्र जोडलेलं) म्हणून न सांगितलेल्या पोर्टवर रॅपिडही तेवढाच थांबतो. उपाय सोपा आहे: सर्व्हरच्या पोर्टवर पोर्टफास्ट चालू करा, काही कंपन्या त्यालाच एज पोर्ट म्हणतात. पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहून नेणारं) असेल तर सिस्कोसारख्या स्विचवर ट्रंकसाठीची वेगळी आज्ञा द्यावी लागते. साधी दिली तर ती ट्रंकवर लागू होत नाही. पोर्टफास्ट फक्त सर्व्हरच्या पोर्टवर द्या. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर तो दिलात आणि लूप झाला, तर सगळं नेटवर्क बसेल.

दुसरा संशयित व्हीलॅन. बूटच्या वेळी कार्ड सहसा टॅग (व्हीलॅनचा क्रमांक) न लावता बोलतं. सर्व्हरचं पोर्ट ट्रंक असेल आणि बूटची व्हीलॅन त्यावर टॅग केलेली असेल, तर हाक भलत्याच व्हीलॅनमध्ये जाते. बूटची व्हीलॅन त्या पोर्टची नेटिव्ह (टॅग न लागणारी) व्हीलॅन करा.

तिसरा एलएसीपी, म्हणजे अनेक केबलींची एक लिंक बांधण्याची पद्धत. दोन केबल एकत्र बांधलेल्या असतात, ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सगळं छान चालतं, आणि सर्व्हर नव्याने बसवायला घेतला की आयपी मिळत नाही. बूटच्या वेळी कार्डाला एलएसीपी येत नाही, आणि समोरून एलएसीपीचं उत्तर नाही म्हणून स्विच दोन्ही पोर्ट रोखून धरतो. बऱ्याच स्विचमध्ये ‘एलएसीपी फॉलबॅक’ किंवा तशाच अर्थाची सेटिंग असते, तिच्यामुळे उत्तर न आल्यास एक पोर्ट एकट्याने चालू राहतं. ती नसेल तर बूटपुरती बांधणी सोडा.

डीएचसीपी दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असेल तर राउटरवर हेल्पर ॲड्रेस (हाक पुढे कुठे पाठवायची तो पत्ता) हवा. बूटची सेवा आणि डीएचसीपी वेगवेगळ्या मशीनवर असतील तर दोन्हींचे पत्ते द्यावे लागतात. आणि स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (परक्या डीएचसीपीची उत्तरं अडवणारी सोय) चालू असेल तर डीएचसीपी सर्व्हरकडचं पोर्ट विश्वासू म्हणून नोंदवलेलं असलं पाहिजे, नाहीतर स्विच उत्तरं गिळून टाकतो.

६. आयपी मिळाला, पण फाईलचं नाव नाही

ई५३ दिसला की आधी मिळालेला आयपी वाचा. तुमच्या रेंजमधला नसेल, एकदम १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने सुरू होत असेल, तर कुणीतरी लॅबमध्ये वायफायचा राउटर आणून उलटा जोडला आहे. त्याचं डीएचसीपी तुमच्या आधी उत्तर देतं आणि त्याला बूट फाईल माहीत नसते. कॉलेजांत हे नेहमी होतं. स्विचच्या मॅक टेबलमध्ये त्या राउटरचं पोर्ट शोधा आणि केबल काढा. पुढे पुन्हा होऊ नये म्हणून स्नूपिंग लावा.

आयपी आपलाच असेल तर डीएचसीपीचे ६६ आणि ६७ हे पर्याय पाहा, म्हणजे सर्व्हरचं नाव आणि फाईलचं नाव. विंडोजचं डीएचसीपी आणि डब्ल्यूडीएस (विंडोजची नेटवर्क बूटची सेवा) एकाच मशीनवर असतील तर पर्याय ६० मध्ये पीएक्सईक्लायंट लिहावं लागतं आणि डब्ल्यूडीएसला ६७ पोर्टवर ऐकू नको म्हणून सांगावं लागतं.

आता मोठा सापळा. सगळ्यांना एकच फाईल देऊ नका. जुन्या बायोसची फाईल यूईएफआयला चालत नाही आणि उलटही नाही. क्लायंट पर्याय ९३ मधून आपण कोण ते सांगतो: ० म्हणजे बायोस, ७ किंवा ९ म्हणजे ६४ बिटचं यूईएफआय, ११ म्हणजे ६४ बिटचं आर्म. बहुतेक सर्व्हर ७ पाठवतात, तरी ९ साठीही नियम लिहून ठेवा. डीएचसीपीत या आकड्यानुसार फाईल वाटून द्या. डीएनएसमास्कमध्ये हे दोन-तीन ओळींत होतं, आणि त्याचा डीएचसीपी लॉग चालू केला की कुणी कुठला आकडा पाठवला तेही दिसतं.

७. फाईल येत नाही किंवा अर्ध्यात थांबते

लॅपटॉप सर्व्हरच्याच व्हीलॅनमध्ये लावा आणि तीच फाईल टीएफटीपीने स्वतः ओढून पाहा. लॅपटॉपवर येत असेल तर टीएफटीपी ठीक आहे. विंडोजच्या लॅपटॉपवर टीएफटीपी क्लायंट आधी चालू करावा लागतो आणि त्याचं स्वतःचं फायरवॉल उत्तर अडवतं, हे ध्यानात असू द्या.

येत नसेल तर नाव पाहा. लिनक्सवर कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं धरलं जातं. फाईल वाचायची परवानगी सगळ्यांना हवी. रेड हॅटच्या कुटुंबातल्या सिस्टीमवर घरच्या फोल्डरातून फाईल हलवली असेल तर एसईलिनक्स (लिनक्समधली जादा सुरक्षा) ती वाचू देत नाही. परवानग्या बरोबर दिसतात तरी नकार येतो. फाईलची सुरक्षेची खूण पूर्ववत करणारी रिस्टोरकॉन ही आज्ञा चालवा. एसईलिनक्स कायमचं बंद करणं हा उपाय नव्हे.

मध्ये फायरवॉल असेल तर फक्त ६९ पोर्ट उघडून भागत नाही. पहिली विनंती ६९ वर जाते, पण सर्व्हर उत्तर नव्याच पोर्टवरून पाठवतो. फायरवॉलमध्ये टीएफटीपीचा मदतनीस चालू करावा लागतो. याच कारणाने टीसीपीडंपमध्ये फक्त ६९ चा फिल्टर लावला तर पहिलं पॅकेट दिसतं आणि पुढे सगळं शांत वाटतं. फिल्टर क्लायंटच्या आयपीवर लावा.

आता शाखांचा प्रश्न. जळगावच्या मुख्य कार्यालयात टीएफटीपी आणि नंदुरबारच्या शाखेत सर्व्हर, अशी मांडणी कुणी केली की बूट अडत नाही, पण संपतही नाही. टीएफटीपी एक तुकडा पाठवतं, पोच येईपर्यंत थांबतं, मग दुसरा पाठवतं. वाटेला जाऊन-येऊन २० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला ५० तुकडे जातात. तुकडा १४६८ बाइटचा धरला तर सेकंदाला साधारण ७३ किलोबाइट. १०० मेगाबाइटची इनिट्रडी यायला वीस मिनिटांहून जास्त लागतील, मग लाइन कितीही जलद घ्या. तुकडा मूळच्या ५१२ बाइटचाच असेल तर याहून तिप्पट वेळ, आणि शिवाय तुकड्यांचा आकडा ६५,५३५ वर संपत असल्याने काही क्लायंट ३२ मेगाबाइटच्या आसपास थांबतात. टीएफटीपीने फक्त आयपीएक्सईची छोटी फाईल द्या आणि कर्नल, इनिट्रडी एचटीटीपीने आणा. शाखेत एखादं जुनं मशीन स्थानिक बूट सर्व्हर म्हणून ठेवलंत तर आणखी बरं.

८. फाईल आली, पण पुढे हालत नाही

यूईएफआयमध्ये सुरक्षेची तक्रार करणारा संदेश आला तर सिक्युअर बूट (सही असलेल्याच फाईल चालू देणारी सेटिंग) पाहा. स्वतः बांधलेली आयपीएक्सईची फाईल सही नसल्यामुळे नाकारली जाते. लिनक्सच्या वितरणासोबत आलेलं शिम (सही केलेला पहिला बूटलोडर) आणि त्याच वितरणाचं ग्रब (त्यानंतरचा बूटलोडर) वापरा. एका वितरणाचं शिम आणि दुसऱ्याचं ग्रब जुळत नाही. ग्रबची नुसती रिकामी ओळ दिसली तर ग्रब आलं आहे, त्याची सेटिंगची फाईल त्याला सापडली नाही. ते कुठल्या फोल्डरात शोधतं ते टीएफटीपीच्या लॉगमध्ये दिसेल.

बायोसमध्ये एलडीलिनक्स सापडत नाही असा संदेश असेल तर पीएक्सईलिनक्स या सिसलिनक्स संचातल्या बूटलोडरच्या सोबतची ती फाईल ठेवायची राहिली आहे. सिसलिनक्सच्या ५ व्या आवृत्तीपासून ती लागते, आणि दोन्ही फाईल एकाच आवृत्तीच्या हव्यात. प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी सेटिंग फाईल ठेवत असाल तर तिचं नाव मॅक ॲड्रेसवरून द्यायचं: सुरुवातीला ०१, सगळी अक्षरं स्मॉल, मध्ये आडव्या रेघा. कोलन टाकले तर फाईल सापडणार नाही.

आयपीएक्सई पुन्हा पुन्हा स्वतःलाच आणत राहत असेल तर डीएचसीपीत नियम हवा: मागणारा आयपीएक्सई असेल तर त्याला स्क्रिप्टचा पत्ता द्या, इतरांना आयपीएक्सईची फाईल. एखाद्या कार्डावर आयपीएक्सईचा स्वतःचा ड्रायव्हर अडखळला तर एसएनपीओन्ली ही आवृत्ती घेऊन पाहा, ती फर्मवेअरचाच ड्रायव्हर वापरते.

९. कर्नल सुरू झाला आणि नेटवर्क हरवलं

चार पोर्टांच्या सर्व्हरमध्ये कर्नल भलत्याच पोर्टवर आयपी मागत बसतो. ज्या पोर्टवरून बूट झालं तेच वापर, हे बूटआयएफ या पर्यायाने सांगता येतं. पीएक्सईलिनक्समध्ये आयपीअपेंड २ लिहिलं की तो आपोआप जोडला जातो. ड्रॅकटची (इनिट्रडीतल्या साधनाची) वेळ संपल्याची ओळ येत असेल तर स्पॅनिंग ट्रीकडे पुन्हा एकदा पाहा. कर्नल आणि इनिट्रडी वेगवेगळ्या दिवशी उतरवलेल्या नाहीत ना तेही तपासा. आवृत्ती जुळली नाही तर ड्रायव्हर चढत नाही आणि कार्डच दिसत नाही. काही कार्डांना फर्मवेअरची वेगळी फाईल लागते. डेबियनच्या नेटबूट इनिट्रडीत ती असेलच असं नाही, हाताने जोडावी लागते. एचटीटीपीएसने काही आणताना प्रमाणपत्राची चूक आली तर सर्व्हरची तारीख पाहा; त्या बॅटरीची गोष्ट इथेही लागू पडते.

१०. लाइट गेली आणि परत आली

उन्हाळ्यात आपल्याकडे हे चुकत नाही. यूपीएस उतरतो, सगळं बंद पडतं, लाइट येते आणि सगळं एकदम चालू होतं. व्यवस्थापित स्विचला उठायला काही मिनिटं लागू शकतात. बूट सर्व्हरला डिस्क तपासायची असते. डिस्क नसलेले किंवा दर वेळी नेटवर्कवरून उठणारे सर्व्हर तोवर हाका मारून थकतात आणि ‘बूट करण्याजोगं काही नाही’ म्हणून थांबतात. सकाळी कामावर आलेला माणूस सर्व्हर बिघडला म्हणून फोन करतो, आणि नुसतं रीस्टार्ट केलं तरी तो चालतो. असं वारंवार होत असेल तर मॅनेजमेंटच्या सेटिंगमध्ये लाइट आल्यानंतर किती उशिराने चालू व्हायचं ते ठरवता येतं, ते ठरवा. क्रम असा हवा: स्विच, मग डीएचसीपी आणि टीएफटीपीचं मशीन, मग बाकीचे. बायोसमध्ये बूट पुन्हा पुन्हा करून पाहण्याची सोय असेल तर तीही चालू ठेवा.

११. बूट झालं, इन्स्टॉल झालं, आता हे करा

बूट क्रमात नेटवर्क पहिलं आणि बूट सर्व्हरवर इन्स्टॉलेशन हाच ठरलेला पर्याय, अशी जोडी तशीच सोडून निघू नका. पुढच्या रीस्टार्टला सर्व्हर पुन्हा इन्स्टॉलेशन सुरू करेल, आणि इन्स्टॉलेशनच्या प्रश्नांची उत्तरं फाईलमधून आपोआप भरली जात असतील तर कुणालाही न विचारता डिस्क पुसेल. नेटवर्क बूट एका वेळेपुरतं निवडा; ही सोय मॅनेजमेंट पोर्टवरून देता येते. बूट सर्व्हरच्या मेनूत ठरलेला पर्याय ‘स्थानिक डिस्कवरून बूट’ हाच ठेवा, आणि इन्स्टॉलेशन फक्त नोंदवलेल्या मॅक ॲड्रेसला द्या. मग सर्व्हर एकदा तुमच्या डोळ्यांदेखत रीस्टार्ट करा. तो डिस्कवरून उठला, आणि स्विचचं पोर्ट, व्हीलॅन, मॅक ॲड्रेस रॅकच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहिला, की मग बॅग भरा.